अर्ध्या तासाचा गुण

जो आजार अर्ध्या तासात आपोआप बरा होतो, त्याच्यावर जगातलं कुठलंही औषध लागू पडतं. केज तालुक्यातल्या युसूफ वडगावात आमच्या दाजींची गाडी आजारी पडली, तेव्हा गावातल्या जवळपास प्रत्येकानं तिला एकेकदा बरं केलं. प्रत्येकाचा इलाज वेगळा. प्रत्येकाला गुण आला. आणि दर खेपेला गाडी नव्या जागी, नव्या उन्हात पुन्हा बंद.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. पेशानं शिक्षक, म्हणून साऱ्या गावाचे गुरुजी. गाडी २००६ सालची, पेट्रोलवरची, पुण्याहून जुनी घेतलेली. कंपनीचं नाव लिहीत नाही. त्याच घराण्यातल्या गाड्या पंचक्रोशीत बऱ्याच आहेत आणि मालक मनाला लावून घेतात. पाटी अजून एमएच-१२. इकडं रस्त्यावर अंबाजोगाईच्या एमएच-४४ ची सवय, त्यामुळं पुण्याची पाटी दिसली की आधी थोडा मान मिळतो आणि नंतर पुष्कळ टोमणे.

दुखणं असं होतं. सकाळी गाडी ठणठणीत. एका किल्लीत चालू, केजला जाऊन आली तरी तक्रार नाही. पण मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेला, गाडी बरीच चालली, एखाद्या लग्नाच्या मांडवापाशी थांबून लगेच पुन्हा निघाली, की चालता चालता मुकाट बंद. धूर नाही, खडखड नाही, गचके नाहीत. सेल्फ मारला तर सेल्फ जोरात फिरतो, इंजिन मात्र काही केल्या पकडत नाही. “पुण्याची हाय ना, दुपारी एक ते चार बंद राहणारच,” असं पानटपरीवरच्या एकानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. पुढं जेवढी म्हणून निदानं झाली, त्यांत हेच खऱ्याच्या सगळ्यात जवळचं होतं. त्या माणसानं वेळ तरी बघितली होती.

बाकीच्यांनी बोनेट बघितलं. बोनेट उघडं दिसलं आणि शेजारून मराठी माणूस नुसता निघून गेला, असं कधी घडत नाही. तो थांबतो, दोन्ही हात कमरेवर ठेवतो, आत डोकावतो आणि विचारतो, “काय झालं?” हे विचारण्याआधीच त्याला ते कळलेलं असतं.

एकदा गाडी नेमकी पोलीस ठाण्यासमोर थांबली. गुरुजी घाम पुसत बाहेर उभे, आक्का आत डोक्यावर पदर घेऊन बसलेली. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटलं, तक्रार द्यायला आलेत. गुरुजींची तक्रार काय असेल ते ऐकायला दहा-बारा जण जमले आणि तक्रार गाडीची आहे म्हटल्यावर जरा हिरमुसले. पण जमलोच आहोत तर धक्का तरी देऊ, असं ठरलं. धक्का कुणी द्यायचा, कोणत्या बाजूनं द्यायचा, गिअर दुसरा ठेवायचा की तिसरा, यावर चर्चा झाली. एकाला चप्पल काढून ठेवायची होती, एकाचा फोन आला. हे सगळं होईतो अर्धा तास गेला. मग एकदाचा धक्का बसला आणि गाडी फुरफुरत चालू झाली. “बॅटरी उतरली होती, गुरुजी. धक्का दिला की झालं,” असा निकाल जाहीर करून मंडळी पांगली. बॅटरी उतरली असती तर सेल्फ फिरला नसता, हे म्हणायची ती वेळ नव्हती. गाडी चालू होती.

पुढच्या खेपेला एक म्हातारे चुलते भेटले. तरुणपणी त्यांनी सरकारी पेट्रोल जीप चालवलेली. त्यांनी नाडी बघितल्यासारखा पेट्रोलच्या पाइपला हात लावला आणि म्हणाले, “व्हेपर लॉक.” उन्हानं पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते, पंप वाफ ओढत बसतो, इंजिनला पेट्रोल मिळत नाही. हा आजार खरा आहे. कार्बोरेटरच्या काळात त्यानं घाटाघाटांत गाड्या थांबवल्या. पण दाजींच्या गाडीचा पंप पेट्रोलच्या टाकीत बुडलेला असतो आणि तिथूनच दाबानं पेट्रोल पुढं ढकलतो, त्यामुळं तिला हा आजार सहसा होत नाही. चुलत्यांनी तरी पाइपाला ओलं फडकं गुंडाळलं, विडी काढली, जीपच्या आठवणी सांगितल्या. आठवणी संपल्या तेव्हा गाडी चालू झाली. त्या जागी दुसरा कुणी असता तर त्यालाही व्हेपर लॉकच वाटलं असतं.

कुणी प्लग काढून सँडपेपरनं घासले, गुण आला. कुणी बॅटरीच्या टर्मिनलवर गरम पाणी ओतलं, गुण आला. कुणी अमुक पंपाचं पेट्रोल टाकू नका म्हणून सांगितलं, दाजींनी दुसऱ्या पंपाचं टाकलं, आणि चार दिवस ढगाळ हवा होती म्हणून त्यालाही गुण आला. दाजींच्या आईंनी लिंबू-मिरची बांधली, ती ज्या दिवशी बांधली त्या दिवशी अवकाळी पाऊस पडला. त्या गुणाची चर्चा तर आठवडाभर चालली. मला विचाराल तर लिंबू-मिरची हा त्यातला सर्वांत स्वस्त इलाज होता आणि शास्त्रीयदृष्ट्या बाकीच्यांपेक्षा जराही कमी नव्हता.

खर्चाचे इलाज पुढं सुरू झाले. नवे प्लग आले. नवी कॉइल आली. फिल्टर आला, बॅटरी आली. शेवटी टाकी उतरवून पेट्रोल पंप बदलला. किल्ली फिरवली की मागून दोन सेकंद ‘झूं’ असा आवाज येतो, तो पंपाचा. बंद पडलेल्या गाडीत तो आवाज येत होता, म्हणजे पंप जिवंत होता. पण तोवर दाजी त्या मनःस्थितीत पोचले होते, जिथं माणूस सामान बदलत राहतो, कारण काहीतरी केल्याचं समाधान त्यात असतं. गाडी आतून एकेक करत नवी होत गेली आणि बंद पडण्याची तिची जुनी सवय तेवढी कायम राहिली.

इथं जरा मागं जायला हवं. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली तेव्हा तिला कार्बोरेटर होता आणि कार्बोरेटरचा आजार मिस्त्रीला कानानं, नाकानं कळायचा. जेट काढायचा, तोंडानं फुंकायचा, पुन्हा बसवायचा. पुढं प्रदूषणाचे नियम आले. भारत स्टेज-२ हा नियम आधी दिल्लीसारख्या महानगरांत आणि २००५ साली देशभर लागू झाला. कार्बोरेटर गेला, त्याच्या जागी पेट्रोल मोजून फवारणारे इंजेक्टर आले आणि त्यांना हुकूम देणारा एक छोटा संगणक डॅशबोर्डच्या आसपास कुठंतरी येऊन बसला. त्याला मिस्त्री लोक ईसीएम म्हणतात. हा ईसीएम आंधळा आणि बहिरा. इंजिन किती तापलंय, हवा किती आत येतेय, धुरात ऑक्सिजन किती उरलाय, हे त्याला सेन्सरनं सांगायचं. धुराचा वास घेणारा सेन्सर बॉश कंपनीनं काढला आणि १९७६ साली स्वीडनच्या व्होल्वो गाडीत पहिल्यांदा बसवला. म्हणजे गोष्ट काही आजची नाही. आपल्याकडं ती यायला पाव शतक लागलं आणि युसूफ वडगावच्या झाडाखालच्या गॅरेजपर्यंत पूर्णपणे अजून यायची आहे.

या सगळ्या सेन्सरांत क्रँक सेन्सरचं काम सर्वांत किरकोळ दिसतं आणि त्याच्यावाचून काहीच चालत नाही. इंजिनाच्या क्रँकबरोबर एक दातेरी चाक फिरतं. त्याच्या दातांपासून मिलिमीटरभर अंतरावर हा सेन्सर बसतो. आत एक चुंबक आणि त्याच्याभोवती केसासारख्या बारीक तारेचं वेटोळं. एकेक दात समोरून गेला की तारेत विजेची एक बारीक लहर उठते. बऱ्याच गाड्यांत त्या चाकावर साठ दातांची जागा असते आणि दोन दात मुद्दाम गाळलेले असतात. ती मोकळी जागा समोरून गेली की पिस्टन कुठं आहे ते ईसीएमला समजतं. मग तो ठिणगी पाडतो, पेट्रोल फवारतो. लहर आली नाही तर ठिणगीही नाही आणि पेट्रोलही नाही.

खरं निदान इथंच लपलेलं होतं. नुसती ठिणगी गेली तर कॉइल बघावी, नुसतं पेट्रोल गेलं तर पंप बघावा. दोन्ही एकदम गेलं तर दोघांना हुकूम जिथून मिळतो तिथं बघावं. पण बंद गाडीत कुणी ठिणगी तपासत होता आणि कुणी पेट्रोल. दोन्ही एकाच वेळी तपासणारा भेटला नाही, कारण पहिला निम्म्यात असतानाच दुसऱ्यानं त्याला बाजूला केलेलं असायचं.

भाचा इंजिनिअरिंगला. त्यानं फोनला जोडायचा छोटा स्कॅनर ऑनलाइन मागवला. फोननं गाडीला हाक मारली, गाडीनं ओ दिली नाही. आपल्याकडं स्कॅनरला कळणाऱ्या सामाईक भाषेची, म्हणजे ओबीडी-२ ची, सक्ती सुरू झाली २०१३ साली; त्याआधीच्या पुष्कळ गाड्या आपापल्या कंपनीच्या भाषेत बोलतात, नाहीतर बोलतच नाहीत. मग गाडी तालुक्याच्या बाहेर एका मोठ्या गॅरेजात गेली. तिथं पोरानं लॅपटॉपएवढा स्कॅनर लावला. एकाही दोषाचा कोड नाही. सगळं बरोबर.

हे कसं? तर जुन्या ईसीएमचा कारभार शाळेच्या मस्टरसारखा. गुरुजी वर्गात उभे राहून घसा फोडून शिकवताहेत, पण मस्टरवर सही नाही. मग कागदोपत्री गुरुजी आलेलेच नाहीत आणि न आलेल्या माणसाबद्दल तक्रार तरी कशाची लिहायची? क्रँक सेन्सर गप्प झाला की ईसीएमला वाटतं इंजिन थांबलंय. थांबलेल्या इंजिनात दोष नसतो. म्हणून कोड नाही. सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएमचा आकडा शून्यावरच राहतो का, एवढं बघितलं असतं तरी चोर सापडला असता. पण ते बघायचं गाडी बंद पडलेली असताना आणि गॅरेजात आलेली गाडी कायम गार, शहाणी आणि चालू. गॅरेजवाल्यानं बराच वेळ पडद्याकडं बघून सांगितलं, “ईसीएम बदलावा लागंल.” आकडा ऐकून दाजी खुर्चीवर बसले. तेवढ्या पैशांत निम्मी गाडी आली असती.

यातून वाट काढली ती मोटार वायंडिंगवाल्यानं. ज्या भागात शेती बोअरच्या पाण्यावर चालते, तिथं डॉक्टर नसला तर चालतं, वायंडिंगवाला लागतो. बोअरमधली मोटार जळाली की ती वर ओढायची, त्याच्याकडं न्यायची, त्यानं तांब्याची तार नव्यानं गुंडाळून द्यायची. दाजी शेतातल्या मोटारीसाठी त्याच्याकडं गेले होते, बोलता बोलता गाडीचं दुःख सांगितलं. त्यानं गाडीबद्दल काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, “तापल्यावर बंद पडायली आन् गार झाल्यावर चालायली ना? मग गुरुजी, तुमच्या गाडीत कुठंतरी वायंडिंग हाय.”

“गाडीत कसली वायंडिंग?”

“ते मला काय म्हाईत? पन तापल्यावर तुटती आन् गार झाल्यावर जुळती, असा रोग तारेलाच व्हतो. पेट्रोलला व्हत नाही.”

ज्यानं आयुष्यात चारचाकीचं बोनेट उघडलं नव्हतं, त्यानं हे सांगावं, याचं कुणाला नवल वाटेल. मला वाटलं नाही. १८८८ साली जर्मनीत बेर्था बेंझ ही बाई नवऱ्याची मोटार घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेली. जगातली पहिली लांबची मोटारसफर म्हणतात ती हीच, शंभरेक किलोमीटरची. वाटेत इंधन मिळालं औषधाच्या दुकानात, ब्रेकला चामडं ठोकून दिलं चपला-बूट करणाऱ्या कारागिरानं आणि तुंबलेली नळी तिनं टोपीच्या पिनेनं साफ केली. तेव्हा मोटार मिस्त्री नावाचा माणूसच नव्हता, म्हणून सगळं सुरळीत पार पडलं असावं.

वायंडिंगवाला मीटर घेऊन आला. भाच्यानं क्रँक सेन्सर कुठं असतो ते फोनवर शोधून दाखवलं: खाली, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं मिळतात तिथं, बरोब्बर सायलेन्सरच्या तापाला लागून. कपलर काढला, दोन पिनांना मीटर लावला. गाडी गार होती, काही शे ओहम दाखवले. म्हणजे तार सलग. “आता हिला बंद पाडा,” तो म्हणाला.

आजवर जी गाडी नको तिथं बंद पडायची, ती आता दारात उभी राहून बंद पडेना. उन्हात उभी केली, बोनेट झाकलं, रेस देत बसलो. दाजींच्या आई म्हणाल्या, “लिंबू बांधलंय ना, कशी पडंल?” बऱ्याच वेळानं ती एकदाची मुकाट थांबली आणि अंगणात आनंद झाला. मीटर लावला, आकडा गायब. तार तुटलेली. मग आक्कानं ओलं फडकं आणलं, ते सेन्सरवर दाबून धरलं आणि थोड्या वेळात आकडा परत आला. सेल्फ मारला, गाडी चालू. फडकंच, तांब्याभर पाणी नाही. एक तर लालभडक तापलेल्या लोखंडावर गार पाणी ओतलं तर ते तडकायची भीती. दुसरं म्हणजे हा मांजरा धरणाचा मुलूख. २०१६ च्या उन्हाळ्यात धनेगावचं हे धरण कोरडं पडलं, तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं. इथं मे महिन्यात इंजिनवर पाणी ओतणारा माणूस सासरी असो की माहेरी, आक्काच्या नजरेतून उतरतो.

पुढचं काम मिस्त्रीचं. एकच बोल्ट, दहाचा. पण तो अशा जागी की हात गेला तर डोळा जात नाही आणि डोळा गेला तर पाना जात नाही. बोल्ट निघाला, निघाल्याबरोबर खालच्या पत्र्यात पडला आणि तिथून नाहीसा झाला. त्याला शोधण्यात सेन्सर बदलण्यापेक्षा जास्त वेळ गेला. सेन्सर ओ-रिंगला चिकटून बसलेला. ओढून निघेना, मग पक्कडीनं हळूहळू फिरवत काढला. टोकाच्या चुंबकाला लोखंडाचा बारीक भुगा मिशीसारखा चिकटलेला. वायरीचं वरचं आवरण एका ठिकाणी उंदरांनी कुरतडलेलं, तेही टेप लावून नीट केलं.

नवा सेन्सर अंबाजोगाईहून आणला. दुकानात दोन निघाले, एक कंपनीचा आणि एक ‘तसाच’. ‘तसाच’ निम्म्या किमतीत. दाजींचा हात त्याच्याकडं वळत होता, पण वायंडिंगवाल्यानं मीटर बरोबर दिला होता आणि बजावलं होतं की नवं सामानही मोजल्याशिवाय घ्यायचं नाही. मोजलं. ‘तसाच’ होता त्याचा आकडा तसा नव्हता. कंपनीचा घेतला. ओ-रिंगला तेलाचं बोट लावून बसवला, वायर सायलेन्सरपासून लांब बांधली.

बरी झालेली गाडी बरी झाली हे कळायला ती बंद पडायला हवी आणि पडता कामा नये. म्हणून भर दुपारी, जेव्हा गावातलं कुत्रंही भिंतीची सावली सोडत नाही, तेव्हा आम्ही काहीही काम नसताना धनेगावच्या धरणाकडं निघालो. प्रत्येक जुनी जागा आली की दाजी पाय सैल करायचे, जणू गाडीला सवय मोडायला संधी देत होते. पोलीस ठाण्यासमोर तर त्यांनी मुद्दाम थांबवून पुन्हा चालू केली. एक हवालदारसाहेब ओळखीचं हसले आणि धक्का द्यायला कुणी आहे का म्हणून मागं बघायला लागले. गरज पडली नाही.

त्या दिवसापासून गाडी थांबलेली नाही. गावात मात्र गाडी कशानं बरी झाली यावर एकमत नाही. धक्का देणारे म्हणतात, धक्क्यानंच तिचं आतलं काहीतरी मोकळं झालं होतं. चुलते म्हणतात, फडकं कुणी सुचवलं होतं आधी? शेजारचे ट्रॅक्टरवाले म्हणतात की त्यांच्या ट्रॅक्टरला असलं काही नसतं, म्हणून तो कधी थांबत नाही. त्यांचा ट्रॅक्टर जुना आहे. जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांनाही धुराचे कडक नियम लागू झालेत आणि त्यांच्या पोटातही ईसीएम आणि सेन्सर आलेत. ते नवा घेतील तेव्हा बोलू.

तुमची जुनी पेट्रोल गाडी तापल्यावर बंद पडून गार झाल्यावर चालू होत असेल, तर पंप, कॉइल, बॅटरी आणि पंचांग यांच्या नादी लागण्याआधी क्रँक सेन्सरला मीटर लावा. एकदा गार असताना, एकदा बंद पडल्या पडल्या. मीटर नसेल तर जवळच्या मोटार वायंडिंगच्या दुकानात जा, पण सकाळी लवकर. दहानंतर तो कुणाच्या ना कुणाच्या बोअरवर असतो.